टायरची चाचणी: पहिला नंबर कोणाच्या हिशेबाने?

घाटवळण
मंडळी, गाडीचे टायर बदलायची वेळ आली आहे. नेक्सॉन पेट्रोल, साइज २१५/६० आर१६. खोबणीतल्या झीज दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या जवळजवळ बरोबरीला आल्यात, म्हणजे १.६ मिमीची कायदेशीर हद्द समोर दिसतेय. जूनच्या आत काम उरकायचं आहे.

हल्ली रोज रात्री जेवणं झाली की युरोपातल्या टायर चाचण्या वाचत बसतो आणि डोकं भंजाळतं. एकीकडे जो टायर पहिला, तोच दुसरीकडे सहावा. टायर तोच, साल तेच. मग खोटं कोण बोलतंय?

माझा वापर: सोम ते शुक्र हिंजवडी, म्हणजे पहिला गिअर, दुसरा गिअर आणि ब्रेक. महिन्यातून एक-दोनदा चिपळूण, उंब्रज-पाटण-कुंभार्लीमार्गे, भर पावसाळ्यातसुद्धा. आईवडील तिकडे आहेत, त्यामुळे ‘पाऊस ओसरला की जाऊ’ हे चालत नाही. येताना डिकीत नारळ आणि तांदूळ. बायकोची तक्रार एकच, काँक्रीटवर टायर फार रडतात. वर्षाला साधारण १२,००० किमी. किंमत बघणार, पण शेवटी.

‘कुठला घेऊ’ विचारलं तर दहा नावं येतील आणि धागा भरकटेल. हे तक्ते वाचायचे कसे, तेवढं सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तुरटी
डोळे मिटून मिशेलिन. विषय संपला.

कराडचा_वाटसरू
डोळे मिटूनच चालवणार असाल तर ठीक आहे. कुंभार्लीत मात्र उघडे ठेवा.

नेकरकाठ
धागाकर्ते, खोटं कोणीच बोलत नाहीये. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इकडे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि मग उन्हाळी असं वर्षातून दोनदा टायर बदलतात, त्यामुळे हे तक्ते वाचणं घरोघरी चालतं.

इथल्या एडीएसी या वाहनचालक संघटनेचं उदाहरण घ्या. २०२३ पासून त्यांची गुणपद्धत अशी आहे: ७० टक्के सुरक्षितता, ३० टक्के पर्यावरण. पर्यावरणाच्या खात्यात टायर किती टिकतो, रस्त्यावर किती रबर सांडतो, इंधन किती खातो, आवाज किती करतो, हे सगळं येतं. टिकाऊपणासाठी गाड्यांचा ताफा नेहमीच्या रस्त्यांवर १५,००० किमी पळवतात, नक्षी किती उतरली ते मोजतात आणि १.६ मिमीपर्यंत पोचायला किती किमी लागतील ते त्यावरून काढतात. त्या वर्षी २०५/५५ आर१६ या एकाच साइजचे ५० टायर त्यांनी तपासले होते.

आता वेगवान गाड्यांच्या शौकिनांसाठी निघणारं एखादं मासिक घ्या. त्यांचा वाचक विचारतो, वळणावर स्टिअरिंग किती धारदार आहे? तिथे कोरड्या रस्त्यावरच्या हाताळणीला भरभरून गुण आणि टिकाऊपणा नावापुरता, कधी तोही नाही. मोजमापं दोन्हीकडे जवळपास सारखी आली तरी क्रम उलटापालटा होणारच.

म्हणून शेवटचा रकाना, तो ‘एकूण गुण’वाला, हाताने झाका. आतले रकाने वाचा आणि वजन तुमचं तुम्ही लावा.

अवांतर: जर्मन गुणांत आकडा लहान तितका टायर चांगला. १.५ पर्यंत उत्तम, ४.५ च्या पुढे नापास. आपल्याकडच्या काही व्हिडिओंत ४.८ वाल्याला डोक्यावर घेतलेलं बघून हसू आवरेना.

सहा_गाड्या
ताई, वजन लावायचं म्हणजे नेमकं काय? माझ्या एर्टिगा आहेत टुरिस्टच्या, नाशिक-शिर्डी-मुंबई. मला धारदार स्टिअरिंग काय चाटायचंय? एका टायरमागे किलोमीटर किती, एवढंच सांगा. दुकानदार ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा आकडा दाखवतात, ३४०, ४२० वगैरे. तो बघून घेऊ का?

नेकरकाठ
दादा, तो ट्रेडवेअरचा आकडा मूळ अमेरिकन पद्धतीचा आणि तो देतं कोण, तर टायर बनवणारी कंपनीच. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला ठीक. या कंपनीचे ३४० आणि त्या कंपनीचे ४२० यांची तुलना फारशी भरवशाची नाही. शेजारी जे ‘ए’ किंवा ‘एए’ लिहिलेलं असतं ते फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्याचं, वळणाचा त्यात संबंध नाही.

वजनाचं एक नमुन्यादाखल गणित करते. समजा तीन टायर आहेत, गुण दहापैकी.
क: ओला रस्ता ९, कोरडा ९, आवाज ६, टिकाऊपणा ५, इंधन ६
ख: ओला ७, कोरडा ७, आवाज ९, टिकाऊपणा ७, इंधन ७
ग: ओला ५, कोरडा ६, आवाज ६, टिकाऊपणा १०, इंधन ९

मासिकवाल्याने ओल्याला ३० टक्के, कोरड्याला २५ आणि बाकी तिघांना १५-१५ दिले, तर क ७.५, ख ७.३, ग ६.७५. पहिला क.
तुम्ही ओल्याला १५, कोरड्याला १०, आवाजाला ५, टिकाऊपणाला ४५ आणि इंधनाला २५ दिले, तर क ६.३, ख ७.१, ग ८.४. पहिला ग, आणि मासिकातला विजेता तळाला.

सहा_गाड्या
हे झकास. म्हणजे ‘ग’ शोधायचा.

मोजपट्टी
थांबा. इथेच घोळ होतो.

टेस्ट ट्रॅकवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो. सरासरीचा एक वाईट गुण असा की एका विषयातलं अपयश दुसऱ्या विषयातल्या हुशारीखाली झाकून जातं. ‘ग’ ओल्या रस्त्यावर पाचवर आहे आणि तुमच्या हिशेबात तो पहिला येतो. गाडीत मागे शिर्डीला निघालेलं कुटुंब बसलंय, कसाऱ्यात पाऊस आहे, आणि पुढचा ट्रक थांबला. तिथे टिकाऊपणाचे ४५ टक्के कामाला येणार नाहीत.

त्यामुळे आधी चाळणी, मग वजन. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग अमुक हद्दीच्या खाली असेल तर तो टायर यादीतूनच काढायचा, बाकी कितीही गुणी असो. उरलेल्यांना आपापली वजनं लावा. जर्मन लोकही सुरक्षिततेत घसरलेल्या टायरला एकूण गुणांत वर येऊ देत नाहीत, ते याच कारणाने.

दुसरं, दहापैकी गुण वाचूच नका, मीटर वाचा. नऊ आणि सात यांच्यातलं अंतर एका चाचणीत दीड मीटर असेल, दुसऱ्या चाचणीत सहा. चाचणीत सगळेच टायर बरे असले की गुण ताणून दाखवतात, नाहीतर बातमी कशाची होणार?

मीटरचा अर्थ काय ते बघा. समजा ओल्या रस्त्यावर ताशी ८० वरून एक टायर ४० मीटरमध्ये थांबतो, दुसरा ४६ मध्ये. सहा मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, दीड गाडीची लांबी. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरी अजून ताशी साधारण २९ च्या वेगात असते. ब्रेकिंगमध्ये वेगाचा वर्ग येतो, म्हणून शेवटच्या मीटरांत एवढा वेग शिल्लक राहतो. २९ ला बंपर जातो, रेडिएटर जातो, समोर माणूस असला तर पाय जातो.

उलट एखाद्या टायरने दुसऱ्याला अर्ध्या मीटरने हरवलं असेल तर ते विसरून जा. ट्रॅकवर ऊन पडलं, पाण्याचा थर जरा बदलला, की तेवढा फरक पडतोच. म्हणून तर आम्ही मध्ये मध्ये एक ठरावीक संदर्भ टायर पुन्हा पुन्हा चालवतो आणि बाकीचे आकडे त्याच्याशी जुळवून घेतो. तपासलेले टायर कितीही असोत, त्यांचे खरे गट तीन-चारच असतात. गटातल्या गटात पहिला की चौथा, याला फार अर्थ नाही.

घाटवळण
मोजपट्टीकाका, दंडवत. एक शंका. ओलं ब्रेकिंग आणि ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’ असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्ही पाणीच ना?

मोजपट्टी
पाणी तेच, खेळ वेगळा. ब्रेकिंगची चाचणी ओलसर डांबरावर होते. तिथे रबराचं मिश्रण काम करतं. अ‍ॅक्वाप्लेनिंगमध्ये एका बाजूची चाकं काही मिलिमीटर खोल साचलेल्या पाण्यातून नेतात आणि कुठल्या वेगाला चाक तरंगून मोकळं फिरायला लागतं ते बघतात. तिथे काम नक्षीचं, म्हणजे खोबणीतून पाणी किती चटकन बाहेर पडतं त्याचं. एकात हुशार टायर दुसऱ्यात ढ असू शकतो. रुंद टायर तरंगायला लवकर तयार होतो, हेही लक्षात असू द्या. ‘रुंद घातले की पकड वाढते’ म्हणून दोन साइज वर जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

तुमच्या कुंभार्लीत वेग ३०-४०, त्यामुळे तिथे ओल्या डांबरावरची पकड महत्त्वाची. मुंबई-गोवा हायवेवर किंवा एक्स्प्रेसवेवर पावसात पळणाऱ्याने अ‍ॅक्वाप्लेनिंग आधी बघावं.

आणि हे सगळे आकडे नव्या टायरचे. नक्षी नवी असताना आठेक मिमी असते. ती तीनवर आली की पाणी काढायची ताकद बरीच कमी झालेली असते. एडीएसी उन्हाळी टायर तीन मिमीला बदला म्हणते, कायदा काहीही म्हणो. जुलै २०२४ पासून युरोपात टायरच्या नव्या मॉडेलला मंजुरी देताना तो घासलेल्या अवस्थेतही ओल्यावर तपासतात. उशिरा का होईना, सुचलं.

शाहूपुरी_टायरवाला
सगळं वाचलं. लई भारी चर्चा चाललीय. पण पाव्हणं, तुमी जे टायर युरोपच्या तक्त्यात बघताय ते माझ्या रॅकवर न्हाईतच, त्याचं काय?

मिशेलिनचा जो प्रायमसी ४ एसटी आपल्याकडं खपतो, तो आशियातल्या बाजारासाठीचा. युरोपच्या तक्त्यात प्रायमसी ४+ दिसंल, आता ५ पण दिसंल. ब्रिजस्टोनचा तिकडं तुरांझा ६, आपल्याकडं तुरांझा ६आय. नावात एका अक्षराचा फरक, पण टायर वेगळा. सीएट, एमआरएफचे जे टायर मी रोज विकतो, ते त्या तक्त्यांत शोधून पण सापडायचे न्हाईत. अपोलोचं म्हणाल तर त्यांचा व्रेडेस्टाइन हा ब्रँड तिकडं दिसतोय. मूळ डच कंपनी, २००९ ला अपोलोनं घेतली.

आणि तिकडच्या चाचणीत खड्डा कुठाय? माझ्याकडं टायर येतात ते घासून कमी आणि साइडवॉलला, म्हंजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, फुगा येऊन जास्त. खड्ड्यात चाक आदळलं की आतले धागे तुटतात आणि बाहेर लिंबाएवढा फुगा येतो. त्याला दुरुस्ती न्हाई, वॉरंटीत बसवायला गेलं तर बऱ्याचदा ‘आघातानं झालं’ म्हणून परत. बारीक साइडवॉलचा टायर आणि मोठं रिम, की गिऱ्हाईक वर्षाच्या आत माझ्या दारात. मला धंदा हाय, तक्रार न्हाई.

नेकरकाठ
मान्य. म्हणूनच परदेशी चाचणीतून टायरचं नाव उचलू नये. उचलायची ती प्रश्नांची यादी. आणखी एक, तिकडचं ओलं ब्रेकिंग बहुतेक १०-२० अंशांत होतं. रबराचं मिश्रणही त्या हवेचा विचार करून केलेलं असतं.

संत्रानगरी
नागपूरहून. इकडे मे महिन्यात रस्ता असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. समृद्धीवर ७०१ किमी काँक्रीट, गाडीला १२० ची परवानगी, आणि लोक चार-चार तास एकाच वेगात. टायर फुटल्याच्या बातम्या आल्या की सगळे ब्रँडला शिव्या देतात भाऊ, हवा कोणी बघत नाही. हवा कमी असली की साइडवॉल दर फेऱ्याला वाकते, वाकते म्हणून तापते, तापली की सुटते. आरटीओवाले समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासतात ते उगाच नाही.

इकडच्या माणसाने चाळणीत आधी हे टाकावं: लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग. ९५ एच म्हणजे एका टायरवर ६९० किलो आणि ताशी २१० पर्यंत. स्वस्तात मिळतो म्हणून कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचा कोड कधीच घालू नका.

आणि नायट्रोजनच्या भानगडीत पडू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. सकाळी थंड टायरमध्ये प्रेशर बघा. दर दहा अंशांना साधारण दोन पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

तुरटी
मिशेलिनच म्हणतोय मी अजूनही.

सायली_चारचाकी
आवाजाबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून मी बोलते. युरोपच्या लेबलवर ६९ डीबी, ७२ डीबी असं असतं ते गाडीच्या आत येणाऱ्या आवाजाचं नाही हो! रस्त्याकडेला माइक ठेवून, गाडी जाताना बाहेर किती आवाज झाला ते मोजतात. म्हणजे ते लेबल रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या सोयीचं. वहिनींची तक्रार आतल्या घरघरीची आहे. त्यासाठी चाचणीत ‘कम्फर्ट’ किंवा ‘आतला आवाज’ असा वेगळा रकाना असेल तर तो वाचा. तो बहुतेकदा चालकाच्या कानावर ठरतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी एकमत झालं तरच धरा.

माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. इंजिनाचा आवाज नाही म्हटल्यावर टायरचाच ऐकू येतो. गाडी जड आणि पिकअप लगेच, त्यामुळे पुढचे टायर झरझर उतरतात. माझा क्रम: ओलं, आवाज, रेंज, मग बाकी सगळं.

सहा_गाड्या
इंधनाचं गणित कोणी करून देईल का? दुकानदार म्हणतो, ‘फ्यूएल सेव्हर’ टायर घेतला की पैसे वसूल.

मोजपट्टी
इंधनाचा साधारण पाचवा हिस्सा टायर फिरवण्यात जातो असं धरा. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना होणारा विरोध, १० टक्क्यांनी कमी झाला तर इंधन फार तर दोन टक्के वाचेल. धागाकर्त्यांचे १२,००० किमी, १५ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ८०० लिटर. दोन टक्के म्हणजे १६ लिटर. लिटरला १०४ चा भाव धरला तर वर्षाला साडेसोळाशे रुपयांच्या आसपास. त्यांनी यासाठी ओल्यावरचे पाच मीटर सोडावेत का? माझं उत्तर नाही. तुमची गाडी वर्षाला त्यांच्या पाचपट पळत असेल तर गाडीमागे आठ हजार, आणि गाड्या सहा. तुम्ही हा रकाना वाचलाच पाहिजे.

पकड, टिकाऊपणा आणि इंधन यांची आपसात कायम ओढाताण असते. मिशेलिनने १९९२ मध्ये मिश्रणात सिलिका घातली तेव्हा पकड फार न सोडता इंधन वाचायला लागलं, नंतर सगळ्यांनीच ती वाट धरली. ओढाताण सैल झाली, सुटली नाही. तिन्ही रकान्यांत पहिला असलेला टायर कोणी दाखवला तर त्याची किंमत आधी बघा.

आपल्याकडे टायरवर बीईई या सरकारी ऊर्जाबचत संस्थेचे तारे यायला लागलेत, फ्रिजवर असतात तसे. ऐच्छिक आहेत आणि इंधनाबद्दल बोलतात. पाच तारे म्हणजे पावसात पाच तारे असं समजू नका. एआयएस-१४२ या आपल्या मानकात ओली पकड, रोलिंग रेझिस्टन्स, आवाज यांच्या हद्दी आहेत, पण ते पास की नापास एवढंच. कोण किती गुणांनी पास, ते गिऱ्हाइकाला कळत नाही. खरी चीड तिथे आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्ससारखा ट्रॅक आहे, पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. कोणी ठरवलं तर आपल्या साइजच्या, आपल्या उन्हातल्या, आपल्या टायरांच्या तुलनात्मक चाचण्या होऊ शकतात. गिऱ्हाइकाच्या बाजूने करणारा कोणी हवा.

कराडचा_वाटसरू
+१. शेवटच्या परिच्छेदाला +१००.

घाटवळण
सगळ्यांचे आभार. माझा क्रम असा लावलाय. चाळणी: ९५ एच, ओल्या डांबरावरची पकड, जाड साइडवॉल (१६ इंची रिमच ठेवणार). मग वजन: आवाज ४०, टिकाऊपणा ३०, कोरडा रस्ता २०, इंधन १०. परदेशी तक्ता नुसता वाचायचा, आणि याच साइजचे टायर दोन पावसाळे वापरलेल्यांना गाठून विचारायचं. आपल्याकडे तीच चाचणी.

बजेट ताणलं तर आत्ता दोनच बदलीन. नवीन दोन पुढेच टाकू ना? गाडी पुढच्या चाकांवर चालते.

शाहूपुरी_टायरवाला
पुढंच टाका. गिऱ्हाइकाला तेच पटतं.

मोजपट्टी
गिऱ्हाइकाला पटतं म्हणून मागे घासके ठेवायचे? नवीन दोन मागे, घासलेले पुढे. पुढचे घसरले तर गाडी वळणात सरळ जायला बघते, पाय काढला की बऱ्याचदा सावरते. मागचे सुटले तर गाडी गोल फिरते, आणि ओल्या घाटात ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पण पट्ट्या दिसायला लागल्यात असं तुम्हीच लिहिलंय. चारही त्याच अवस्थेत असतील तर दोन-दोनचा प्रश्नच नाही. चारही बदला.

शाहूपुरी_टायरवाला
काका म्हणतात ते पुस्तकात बरोबर हाय आणि रस्त्यावर पण. गिऱ्हाईक ऐकत न्हाई ही माझी अडचण. आजपासून ऐकवतो.

घाटवळण भाऊ, टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असलं तर २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला मागा. चारही टायरचे आकडे जवळपासचे हवेत. काही दुकानदार आकड्याची बाजू मुद्दाम आत करून बसवतात, तर बसवायच्या आधीच मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि नंबर बिलावर लिहून घ्या. अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच वेळी करा. अलाइनमेंट चुकलेली असली तर तुमचं ते टिकाऊपणाचं ३० टक्के वजन आठ-दहा हजार किमीत आतल्या कडेनं निघून जातंय.

सहा_गाड्या
टायरवाले भाऊ, एर्टिगाचे जुने सेट परत घेता का? भाव काय देता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.